व्हॅनिलाचा घरगुती अर्क

पुडिंगांत वा केकमध्यें दोन थेंब टाकतांच जो सुवास घरभर दरवळतो, तो बहुधा व्हॅनिलाच्या शेंगेचा नसतो. बाजारांतील स्वस्त कुप्यांमध्यें कारखान्यांत तयार केलेलें व्हॅनिलिन असतें. १८७४ सालीं टीमान व हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं तें प्रथम कृत्रिम रीतीनें बनविलें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु शेंगेंतील अनेक सुगंधी द्रव्यांपैकीं तें केवळ एक. तंबोऱ्याची एकच तार छेडावी, तसा तो प्रकार होय.

खरा अर्क घरीं करणें अवघड नाहीं. काळ्याभोर, लवचिक अशा २५ ग्रॅम शेंगा घ्याव्या. मध्यम आकाराच्या असल्यास साताठ पुरतात. त्या उभ्या चिरून, आंतील बियांसह स्वच्छ कांचेच्या बाटलींत घालाव्या आणि शेंकडा ४० मद्यार्काची २५० मिलिलिटर व्होडका वर ओतावी. शेंगा पूर्ण बुडाल्या पाहिजेत. दिव्याचें स्पिरिट मात्र कधींहि वापरूं नये. तें विषारी असतें. बाटलीला घट्ट बूच लावून ती अंधाऱ्या कपाटांत ठेवावी व आठवड्यांतून एकदां हालवावी. दोन महिन्यांनीं अर्क वापरण्याजोगा होतो. सहा महिन्यांनीं तो अधिक मुरतो.

या कृतीला धीर लागतो, कौशल्य लागत नाहीं. कारण कौशल्याचें काम इतरांच्या हातांनीं आधींच झालेलें असतें. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडील वेल. ती इतर देशांत नेली, तेथें ती वाढली, फुललीहि. पण तिला शेंग धरेना. तिचें फूल जेमतेम एक दिवस टिकतें आणि त्यांतील एक पातळ पडदा परागकणांस अडवून धरतो. १८४१ सालीं हिंदी महासागरांतील रियुनियन बेटावर एडमंड नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें तो पडदा उचलला व अंगठ्यानें पराग जागच्या जागीं दाबला. आजहि बहुतेक व्हॅनिला याच रीतीनें, एकेक फूल हातीं धरून, पिकविली जाते. पुढें शेंग सुमारें नऊ महिने वेलीवर पोसते. हिरव्या शेंगेला सुवास नसतो. ती गरम पाण्यांत बुडवून, उबेंत घामेजवून, कित्येक आठवडे वाळवावी, तेव्हां तो प्रकट होतो.

१८४८ सालीं त्या बेटावरील गुलामगिरी नष्ट झाली. एडमंडला स्वातंत्र्य मिळालें आणि आल्बियस हें आडनांवहि मिळालें. मात्र त्याच्या युक्तीवर इतरांनीं धन जोडलें, आणि तो १८८० सालीं दारिद्र्यांत वारला.

म्हणून अर्क संपल्यावर शेंगा टाकूं नयेत. त्या वाळवून साखरेच्या डब्यांत पुरून ठेवाव्या. साखर सुगंधित होते. इतक्या हातांनीं आणि अशा कष्टांनीं घरीं आलेली वस्तु अर्धीच वापरून फेकून देणें कोणत्याहि सुज्ञ घरास शोभणार नाहीं.