शब्द सोबतीनं शिका



बक्षीस मिळवलेल्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. तुमच्यापैकी काही जण केंब्रिजच्या ‘सी वन ॲडव्हान्स्ड’ या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत आहेत, असं समजलं. मी ही परीक्षा शिकवतो. तिच्यातल्या व्याकरण आणि शब्दसंग्रहाच्या भागाची मुलं सर्वांत जास्त धास्ती घेतात, म्हणून त्याविषयीच बोलतो.

हा भाग ज्या दीड तासाच्या पेपरात येतो, त्यात ५६ प्रश्न असतात. पहिले ३० या भागाचे, बाकीचे उताऱ्यांवरचे. हे ३० प्रश्न नीट पाहिलेत, तर त्यांत अगडबंब शब्द फारसे दिसणार नाहीत. कोणता शब्द कोणाबरोबर येतो, हे तिथं तपासलेलं असतं. आपल्याकडे पाऊस मुसळधार पडतो आणि वारा सोसाट्याचा सुटतो. ‘मुसळधार वारा’ लहान मूलही म्हणत नाही. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. ही जोडी नियमानं कळत नाही, वाचून आणि ऐकून अंगवळणी पडते. म्हणून शब्द आणि त्यापुढे अर्थ अशा याद्या घोकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पहिल्याच प्रश्नात चार पर्याय असतात, बहुतेकदा जवळजवळ एकाच अर्थाचे. तिथं यादी काय कामाची?

वाक्य बदलून लिहायचा प्रश्न मला सर्वांत आवडतो. समजा, ‘आय रिग्रेट सेलिंग द हाउस’ हे वाक्य दिलंय आणि ‘विश’ हा शब्द वापरायचाय. ‘आय’ आणि ‘द हाउस’ यांच्यामध्ये तीन ते सहा शब्दांत उत्तर बसवायचं. उत्तर आहे ‘विश आय हॅड नॉट सोल्ड’. बरीच मुलं ‘विश’पर्यंत बरोबर येतात आणि पुढे ‘डिड नॉट सेल’ लिहितात. घर विकून झालंय, पश्चात्ताप आत्ता होतोय. या दोन काळांतलं अंतर ‘हॅड’ दाखवतो. या प्रश्नाला दोन गुण असतात आणि अर्धं जमलं तरी एक मिळतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा जागा कोरी सोडू नका. स्पेलिंग मात्र अचूक हवं.

केंब्रिजची ‘ॲडव्हान्स्ड’हून वरची ‘प्रोफिशियन्सी’ परीक्षा १९१३ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी तीन जण बसले आणि तिघंही नापास झाले. तेव्हा फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर करावं लागे. आपल्याकडेही कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर इंग्रजी शिकल्या, आणि त्या पुस्तकांचं ऋण मी मानतो. पण ‘ॲडव्हान्स्ड’च्या आजच्या पेपरात भाषांतर नाही. मनात मराठी वाक्य जुळवून त्याचं इंग्रजी करत बसाल, तर वेळ पुरणार नाही.

तेव्हा रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख सावकाश वाचा. नवा शब्द भेटला की तो एकटा उतरवू नका, अख्खं वाक्य वहीत घ्या, त्यातल्या ‘ऑन’, ‘टू’, ‘ऑफ’सकट. आठवड्यानं तेच वाक्य न बघता लिहून पाहा. जुने पेपर शेवटच्या महिन्यात सोडवा, त्याआधी नकोत. आणि पालकांना विनंती, मुलांसाठी आणखी एक गाइड घेण्याआधी घरी एक चांगलं इंग्रजी वर्तमानपत्र सुरू करा.