बाकावरचे बळ

क्रिकेटच्या सामन्यातील बारावा गडी सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पाणी घेऊन मैदानात येतो, कोणी जायबंदी झाला तर त्याच्या जागी क्षेत्ररक्षण करतो. परंतु परंपरेने त्याच्या हाती ना बॅट येते, ना गोलंदाजीसाठी चेंडू. त्यामुळे राखीव खेळाडू म्हटला की, ज्याला मुख्य संघात जागा मिळाली नाही असा दुय्यम गडी, अशीच कल्पना मनात उभी राहते. बास्केटबॉलमध्ये ही कल्पना सोडून द्यावी लागते. तेथे बाकावर बसलेला खेळाडू केव्हाही खेळात उतरू शकतो, परत बोलावला जातो आणि पुन्हा उतरतो. अदलाबदलीला संख्येचे बंधन नाही. बाक ही तेथे अडगळीची जागा नसून संघाची शिल्लक आहे.

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचा, म्हणजे एन.बी.ए.चा, सामना 48 मिनिटांचा असतो. एका वेळी पाच खेळाडू खेळतात. अर्थात जादा वेळ पडला नाही, तर प्रशिक्षकाला वाटून देण्यास एकंदर 240 मिनिटे मिळतात. त्यांत एकाचीही भर घालणे त्याच्या हाती नसते. एकाला दिलेले प्रत्येक मिनिट दुसऱ्याकडून काढून घ्यावे लागते. शिवाय हे खेळाडू पगारी असतात. जो खेळताना दिसतो त्याचा नावलौकिक वाढतो आणि पुढचा करारही त्यावरच ठरतो. तेव्हा मिनिटांची ही वाटणी करताना प्रशिक्षकाला दमसासाबरोबरच माणसांच्या मानाचा आणि पोटाचाही विचार करावा लागतो.

या वाटणीच्या दोन परस्परविरुद्ध रीती 1961-62 च्या एकाच हंगामात समोरासमोर उभ्या राहिल्या. फिलाडेल्फिया वॉरियर्स संघाचा विल्ट चेंबरलेन हा त्या वेळचा अजस्र खेळाडू. त्या हंगामात त्याने दर सामन्यास सरासरी 50.4 गुण मिळविले. 2 मार्च 1962 रोजी एकाच सामन्यात 100 गुण केले. याहूनही विलक्षण आकडा त्याच्या खेळण्याच्या वेळेचा आहे. सामना 48 मिनिटांचा, आणि त्याची सरासरी मात्र 48.5 मिनिटांची! जादा वेळेतही तो खेळतच राहिल्यामुळे हे घडले. साऱ्या हंगामात तो केवळ आठ मिनिटे बाहेर होता, आणि तीही पंचांनी त्याला सामन्यातून बाहेर काढले म्हणून.

दुसऱ्या बाजूस बोस्टन सेल्टिक्स हा संघ होता. त्याचे प्रशिक्षक रेड ऑरबाक यांनी फ्रँक रॅमझी या खेळाडूला वेगळेच स्थान दिले होते. पहिल्या पाचांत सहज शोभेल असा हा खेळाडू सामन्याच्या आरंभी बाकावर बसे. प्रतिपक्षाचे पाच गडी धावून धावून धापा टाकू लागले, की हा ताजातवाना गडी उतरे. सामान्यतः पहिल्या पाचांतील एखादा बाहेर गेला की संघाचे बळ घटते. बोस्टनचे बळ मात्र त्या क्षणी वाढत असे. सामना सुरू कोण करतो यापेक्षा तो संपताना कोण खेळत असतो याला अधिक महत्त्व, हा ऑरबाक यांचा विचार होता. रॅमझीने ही जागा मनापासून स्वीकारली आणि ‘सहावा गडी’ हे बिरुद मानाचे झाले.

बोस्टनमध्ये सर्वांना समान वेळ मिळे, असा समज मात्र करून घेऊ नये. त्यांचा आधारस्तंभ बिल रसेल हाही त्या हंगामात दर सामन्यास 45 मिनिटांच्या घरात खेळला. सारखी वाटणी म्हणजे न्याय्य वाटणी नव्हे. ज्याच्यावाचून चालत नाही त्याला अधिक वेळ मिळणारच. परंतु इतरांना त्यांच्या कामाची जाणीव आणि ते करण्याची संधी मिळाली पाहिजे.

हे दोन संघ उपान्त्य फेरीत भिडले. सात सामन्यांपर्यंत झुंज चालली आणि सातवा सामना बोस्टनने 109 विरुद्ध 107 असा, अवघ्या दोन गुणांनी जिंकला. एवढ्या निसटत्या निकालावरून चेंबरलेनची रीत चुकली असा निवाडा देणे उचित नाही. खरी परीक्षा पुढेच होती.

18 एप्रिल 1962 रोजी अंतिम मालिकेचा सातवा सामना लॉस एंजेलिस लेकर्सशी झाला. त्यांच्या एल्जिन बेलरने पाचव्या सामन्यात 61 गुण केले होते. त्याला अडविताना बोस्टनचे आघाडीचे गडी एकामागून एक सहा फाउल होऊन बाद झाले. सामना बरोबरीत सुटून जादा वेळ सुरू झाला आणि ऑरबाक यांना जीन ग्वारिलियाला उतरवावे लागले. आघाडीच्या फळीतील हा पाचव्या क्रमांकाचा, क्वचितच खेळणारा गडी; आणि समोर बेलर! रसेलने त्याला पाठीशी घातले. स्वतः 30 गुण आणि 40 रिबाउंड मिळवून त्याने बोस्टनचा डोलारा सावरला आणि 110 विरुद्ध 107 असा विजय मिळाला. त्या दिवसाचा वीर रसेलच. परंतु ग्वारिलिया त्या घटकेला डगमगला असता, तर रसेलचा पराक्रमही कदाचित वाया गेला असता. ज्याची पाळी हंगामात क्वचितच येते, त्यानेही रोज सज्ज राहावे, हीच बाकावरच्या खेळाडूची कठोर तपश्चर्या.

पुढे अर्धशतकानंतर सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी हाच विचार अधिक दूरवर नेला. 29 नोव्हेंबर 2012 रोजी मायामीतील सामन्यापूर्वी त्यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली व डॅनी ग्रीन या चौघांना विश्रांतीसाठी घरी धाडले. प्रमुख खेळाडू पाहण्यासाठी पैसे मोजलेल्या प्रेक्षकांचा यात विरस झाला, आणि एन.बी.ए.ने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. प्रेक्षकांची तक्रार खोटी नव्हती; परंतु प्रशिक्षकाला एका संध्याकाळीपलीकडचा हिशेब पाहावा लागतो. गंमत अशी, की उरलेल्यांनी तो सामना अवघ्या पाच गुणांनी गमावला.

2013-14 च्या हंगामात तर स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांवर गेली नाही. तरीही त्यांनी 82 पैकी 62 सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत मायामीला चार विरुद्ध एक असे नमविले. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलेला जिनोबिली या संघात वर्षानुवर्षे बाकावरून उठून खेळला. एवढा मोठा खेळाडू निमूटपणे बाकावर बसतो, हे पाहिल्यावर इतरांना तेथे बसण्यात कमीपणा कसा वाटावा?

विश्रांतीचा अतिरेक झाला, की त्याचा भार प्रेक्षकांवर पडतो. म्हणूनच 2023-24 पासून एन.बी.ए.ने मानाच्या बहुतेक वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान 65 सामने खेळण्याची अट घातली. हा वाद मिटणारा नाही, कारण त्यात दोन्ही बाजूंना सत्य आहे.

बेरजेत हातचा विसरला की उत्तर चुकते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बाकावरचा खेळाडू हा संघाचा हातचा आहे; आणि त्याची आठवण केवळ संकटात ठेवून भागत नाही. साध्यासुध्या सामन्यांत ज्याला चार मिनिटे विश्वासाने दिली जातात, तोच निर्वाणीच्या क्षणी त्या विश्वासाची परतफेड करतो.