डिसेंबरची गर्दी आणि आपली छाती



दि. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी इथे जनसागर लोटतो. त्याआधी ६ तारखेला आपण चैत्यभूमीला जातो. थंडी, धूळ, दाटीवाटी. घरी येतो ते खोकतच. मी गिरणी कामगार. धूळ छातीचं काय करते ते मला कुणी शिकवायला नको.

२०२० साली कोरोनात फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. आपण वैतागायचो, पण तोंडाला रुमाल लावायचं पोराटोरांनाही कळलं. मग हाच मोबाईल आता मुका का?

लांबलचक मजकूर नको, आमच्या म्हाताऱ्या आया वाचणार कशा? वस्तीतल्या नर्सताईंनी मिनिटभर आवाज भरून द्यावा. ताप-खोकला असेल त्याने यंदा घरूनच वंदना घ्यावी. गर्दीत मास्क. धाप थांबेना तर १०८ फिरवा. आणि दम्याचा पंप खिशातच ठेवा! गेल्या साली माझ्या आत्याचा पंप बसच्या डिकीत बोचक्यात राहिला, ती घाटात तासभर तडफडली.

ताई तयार आहेत. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची नावे आजच द्या, पोरे घरी येऊन ऐकवतील.