डोळ्यातील थेंब आणि चौविहार
(ट्रस्टच्या नेत्रचिकित्सा शिबिराच्या प्रसंगी केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास कारण माझी आई.

1984 साली पर्युषणापूर्वी धान्य पाखडताना तिच्या डोळ्यात तूस जाऊन बुबुळावर जखम झाली. डॉक्टरांनी प्रतिजैविकाचे थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा, घालण्यास सांगितले. आईचा चौविहार. थेंब घातला की घशात कडू चव उतरे. त्यामुळे व्रतभंग होतो असे मानून सूर्यास्तानंतर तिने थेंब नाकारले. आम्ही भावंडांनीही तिच्या श्रद्धेपुढे मान तुकवली. जखम चिघळली आणि डाव्या डोळ्यात कायमचे फूल पडले.

रात्रीच्या थेंबांचे एवढे महत्त्व का, हे मी पुढे जाणून घेतले. बुबुळावरील पारदर्शक पटलात, ज्यास कॉर्निया म्हणतात, रक्तवाहिन्या नसतात. म्हणून गोळीचे औषध रक्तावाटे तेथे पुरेसे पोहोचत नाही. ते बाहेरूनच द्यावे लागते. परंतु पापणीच्या आत जेमतेम 30 मायक्रोलिटर द्रव मावतो आणि थेंब असतो त्याहून मोठा. उरलेले औषध गालावर ओघळते किंवा अश्रुनलिकेतून नाकात व घशात उतरते. पटलात शिरतो तो शेकडा पाचाहूनही कमी अंश! खळ दिलेल्या कोऱ्या कापडावरून पाणी ओघळावे, तसाच हा प्रकार. म्हणूनच गंभीर जखमेत तासातासाला थेंब, तेही कित्येकदा इंजेक्शनच्या औषधापासून मुद्दाम तीव्र बनविलेले. मलम अधिक वेळ टिकते, पण दृष्टी अंधूक करते, म्हणून ते बहुधा निजताना. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आवरणाखाली इंजेक्शन देण्याची पद्धतही आहे. ती वेदनादायक असून आता क्वचितच वापरतात.

वेळेचेही तसेच. नेपाळातील भक्तपूर येथील, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बुबुळ खरचटलेल्या ज्या 284 जणांना 18 तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम मिळाले, त्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे हलकेच दाबावा. बुबुळ मात्र मुळीच दाबू नये. औषध डोळ्यात टिकते आणि घशात फारसे उतरत नाही. एवढे त्या वेळी ठाऊक असते तर!

पुढे एका साध्वीजींपाशी ही गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, "तीव्र व्याधीसाठी पच्चक्खाणात आगार असतो. तुम्ही येऊन विचारले का नाही?" उपाश्रय आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता.