‘हॉट’ ह्या विशेषणाचा वाक्यात उपयोग



महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाते. जो शब्द पूर्वी पाचवीतील मुलाच्या कानावर प्रथम पडत असे, तो आता सहा वर्षांच्या बालकाच्या तोंडी येतो. हे चांगलेच झाले. परंतु शब्द लवकर आला, तरी तो वाक्यात बसवावा कसा, हे शिकविणे पुष्कळदा मागे राहते. ‘हॉट’ हे रोजच्या वापरातील विशेषण त्याचे अगदी साधे उदाहरण होय.

असोद्यासारख्या गावातील शाळेचा एक तास कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. फळ्यावर ‘हॉट म्हणजे गरम’ असे लिहिले आहे. मुलांनी ते एका सुरात दहा वेळा म्हटले आहे. मग गुरुजी प्रत्येकास एकेक वाक्य लिहावयास सांगतात. कोणी लिहितो, ‘द मिल्क इज हॉट.’ कोणी लिहितो, ‘द टी इज हॉट.’ एक मुलगी लिहिते, ‘द भरीत इज हॉट.’ तिच्या डब्यात आदल्या रात्रीचे भरीत आहे, हे गुरुजींना ठाऊक आहे. भरीत तर थंडगार. मग ते ‘हॉट’ कसे? वाक्यावर तांबडी फुली पडते. मुलगी काही बोलत नाही, वही मिटून ठेवते.

वस्तुतः फुली मारावी असे त्या वाक्यात काहीच नव्हते. मिरची, मोहरी किंवा आले ह्यांमुळे जिभेस जी आग होते, तिलाही इंग्रजीत ‘हॉट’ हाच शब्द आहे. मुलीने तो दुकानातील वेफर्सच्या पाकिटावर वाचला असावा आणि खाऊन त्याचा अर्थ जाणला असावा. असोद्याच्या भरताची कीर्ती सर्व खानदेशात आहे. वांगी आरावर भाजून, हिरव्या मिरच्या व लसूण ह्यांसह ठेचून केलेले ते भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खाणाऱ्या मुलीस ‘हॉट’ म्हणजे काय हे कोणी सांगावयास हवे होते असे नाही. चूक तिची नव्हे. ती फळ्यावरील अपुऱ्या अर्थाची होती.

इंग्रजांनी तिखटाला व गरमाला एकच शब्द का योजावा, असे मुले विचारतील. त्याचे उत्तर आता शरीरशास्त्राने दिले आहे. डेव्हिड ज्यूलियस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखवून दिले की, मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य मज्जातंतूंतील ज्या ग्राहकाला जागे करते, तोच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेनेही जागा होतो. मेंदूला दोन्हींकडून ‘भाजले’ असाच निरोप मिळतो. २०२१ साली ज्यूलियस ह्यांना नोबेल पारितोषिकाचा जो वाटा मिळाला, तो ह्याच संशोधनासाठी. आपणही मिरची लागली की ‘तोंडाची आग झाली’ असे म्हणतोच!

म्हणून शब्दास शब्द जोडून देऊ नये. शब्द वस्तूसह व वाक्यासह द्यावा. मराठीतही तेच घडते. ‘ऊन पडले’ आणि ‘ऊन ऊन भात’ ह्यांतील ‘ऊन’ मुलांना कोणी पाठ करवून घेतलेले नसते. ‘तिखट कानाचा मुलगा’ म्हटल्यावर त्याच्या कानात कोणी मिरची शोधीत नाही. तेथे इंग्रजीत ‘शार्प’ येईल, ‘हॉट’ येणार नाही. ‘गरम कपडे’ हे ‘वॉर्म क्लोथ्स’ होत, ‘हॉट क्लोथ्स’ नव्हेत. ज्या गावात १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या, तेथे तर ही गोष्ट लांबून समजावून सांगण्याचे कारण नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे सारे शब्द चुलीपाशी आणि शेतात वापरून आलेले होते.

खरी अडचण येते ती हवेविषयी बोलताना. एप्रिल-मे महिन्यांत जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि वर्गातील प्रत्येक मूल ‘उकडते’ असे म्हणते. मराठीत हा एकच शब्द पुरे वाक्य आहे. त्याला कर्ता लागत नाही. इंग्रजी वाक्याला मात्र कर्त्यावाचून चालत नाही. म्हणून तेथे ‘इट’ बसवितात : ‘इट इज हॉट टुडे.’ हे ‘इट’ म्हणजे कोण, असा प्रश्न हुशार मूल विचारतेच. त्यास ‘ते’ असा अर्थ सांगून वाटेस लावू नये. ती जागा राखण्यासाठी मांडलेली पाटी आहे, असे सांगावे. ‘इट इज रेनिंग’ मध्येही तीच पाटी आहे. मुलांना हे पटते.

‘मला गरम होते’ ह्याचे शब्दशः रूपांतर करू पाहणारे मूल ‘टू मी’ पासून आरंभ करते आणि मध्येच अडते. मराठीत ‘मला’ भूक लागते, ‘मला’ थंडी वाजते. इंग्रजीत मनुष्य स्वतःच कर्ता होतो : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम कोल्ड’. त्याच रीतीने ‘आय ॲम हॉट’ हेही व्याकरणदृष्ट्या शुद्धच आहे. तथापि बोलण्यात व्यक्तीविषयी ह्या शब्दाला रूपासंबंधीचा एक निराळा अर्थ चिकटला आहे, व वरच्या वर्गांतील मुले तो जाणून हसतात. त्यापेक्षा ‘आय फील हॉट’ शिकवावे. अंगात ताप असल्यास ‘आय हॅव अ फीव्हर’ हे वाक्य निराळे शिकवावे, आणि आधी शिकवावे. परगावी दवाखान्यात मराठी न समजणारा डॉक्टर भेटला, तर मुलाला तेच उपयोगी पडेल.

काही किरकोळ गोष्टी आहेत. ‘हॉट मिल्क’ हे वाक्य नव्हे. ‘इज’ गाळले तर ‘द मिल्क हॉट’ लंगडे राहते. मराठीत ‘तापलेला तवा, तापलेली वाळू’ असे रूप बदलते. इंग्रजी विशेषण लिंगाने वा वचनाने बदलत नाही, म्हणून ‘हॉट्स चिलीज’ लिहू नये. ‘जळगाव इज हॉटर दॅन महाबळेश्वर’ ह्यात ‘मोअर’ घालू नये. ‘व्हेरी हॉट’ व ‘टू हॉट’ ह्यांची सरमिसळ मात्र शिक्षकांकडूनही होते. ‘द टी इज व्हेरी हॉट’ म्हणजे चहा खूप गरम आहे. ‘द टी इज टू हॉट’ म्हणजे इतका गरम की तूर्त पिता येत नाही. तो पिणार असलेल्याची ती तक्रार आहे.

आता पुन्हा त्या मुलीच्या वहीकडे वळावे. भरीत चुलीवरून नुकतेच उतरले असेल, तर ‘हॉट’ने घोटाळा होईल, तेव्हा चवीसाठी ‘स्पायसी’ म्हणावे. डब्यातील भरताविषयी तशी भीती नाही. गुरुजींनी फुली खोडावी, मुलीला उभे करून भरीत कसे आहे ते विचारावे, आणि ती सांगेल ते फळ्यावर लिहावे : ‘द भरीत इज कोल्ड, बट इट इज हॉट.’