मानाचा नगारा



गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत ढोल-ताशे घुमतात.
लालबाग-परळला गणपतीच्या मिरवणुकीतही घुमतात.
पण एके काळी वाद्य हा घराण्याचा मान होता, बरं का!

इंग्लंडमधल्या ट्रम्पिंग्टन घराण्याच्या ढालीवर
तुताऱ्या रंगवलेल्या असत.
आपल्याकडे हा मान कानांनी ऐकायचा असे.

दरबार एखाद्या सरदारावर प्रसन्न झाला,
की त्याला नगारा आणि निशाण मिळे.
मनाला येईल त्याने नगारा वाजवायचा नाही.
वाद्य हा मान होता,
आणि तो मिळवावा लागे.

रायगडावर जाल, तेव्हा नगारखाना जरूर पाहा.
राजसभेत, थेट सिंहासनासमोर, तो आजही उभा आहे.
केवढा भव्य दरवाजा!

कित्येक देवळांत अजूनही आरतीला नगारा वाजतो.
राजाचा तोच मान आपण देवालाही देतो.