मधुमेहातील आम्लविकार व त्याच्या चाचण्या

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यसभेतील भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी ओकारी, लघवी आणि रक्त यांच्या गोष्टी काढणे कित्येकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही मुद्दाम हाच विषय घेतला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत वीस वर्षांवरील लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशात शेकडा ११.४, तर गोव्यात शेकडा २६.४ आढळले. सर्व राज्यांत आपला क्रमांक पहिला. पण हा काही हार घालून मिरवावयाचा क्रमांक नव्हे. या मंडपातील दर चार प्रौढांमागे एकास हा आजार असावा, असा त्याचा अर्थ. कोकणीत गोडेंमूत म्हणतात तो हाच.

मधुमेहावर सर्वसाधारण व्याख्यान देण्याचा मात्र आमचा विचार नाही. गोड कमी खा, रोज चाला, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे आणि पुष्कळदा ऐकून सोडून दिले आहे. या आजाराचे बहुतेक उपद्रव वर्षानुवर्षे सावकाश येतात. एक मात्र असा आहे की तो एकदोन दिवसांत माणूस नेतो. वैद्यकात त्यास डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. आपण त्यास कीटोनजन्य आम्लविकार म्हणू. वेळीच ओळखला तर तो बरा होतो, आणि ओळखण्याची पहिली पायरी घरच्या घरी चढता येते. घोटाळा होतो तो बहुधा एकाच ठिकाणी. आपण साखरेचा आकडा पाहून थांबतो.

प्रथम हा विकार होतो कसा, ते पाहू. साखरेला पेशींत शिरावयास इन्सुलिनची मदत लागते. इन्सुलिन नसले की रक्तात साखरेचा पूर आणि पेशींत मात्र उपासमार, अशी विचित्र अवस्था होते. मग शरीर चरबी मोडू लागते आणि तिच्यापासून यकृतात कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात. ती तीन: ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोन. पहिल्या दोहोंमुळे रक्त आम्लधर्मी होत जाते. ते आम्ल कर्बवायूच्या वाटे बाहेर टाकण्यासाठी रोगी खोल, जोरकस श्वास घेऊ लागतो. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ साली या श्वासाचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिसरे द्रव्य ॲसिटोन हे श्वासावाटे उडून जाते, म्हणून तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा वास येतो.

हा वास सर्वांनाच येतो असे नाही, आणि ज्यांना येतो त्यांचा तर्क भलतीकडेच जातो. काजूच्या हंगामात एखादा मनुष्य झोकांड्या देत, असंबद्ध बोलत आला आणि त्याच्या तोंडाला गोडसर दर्प असला, तर त्याने फेणी घेतली असेल असे म्हणून लोक त्याला कोपऱ्यात झोपवून ठेवतात. ओकाऱ्या होत असल्या तर पित्त म्हणून लिंबूसरबत देतात. म्हणजे साखरेवर साखर. पोट इतके दुखू शकते की आंत्रपुच्छाची शंका येते. धाप लागली तर दमा. मुलांच्या बाबतीत तर अधिकच फसगत. दहा वर्षांचे पोर आठ-पंधरा दिवस तांब्यामागून तांब्या पाणी पिते, अंथरुणात लघवी करू लागते, वाळत जाते. त्याला मधुमेह असेल हे कोणाच्या स्वप्नातही नसते, कारण साखरेचा आजार म्हातारपणी होतो अशी आपली समजूत. इन्सुलिन तयारच होत नाही असा मधुमेह लहान वयातही होतो, आणि कित्येक मुलांत त्याची पहिली ओळख या आम्लविकारानेच पटते.

आता चाचण्यांकडे वळू. रोगाच्या नावातच तीन गोष्टी आहेत, मधुमेह, कीटोन आणि आम्लता. आणि तिन्हींचा पुरावा मिळाल्यावाचून निदान पुरे होत नाही. नुसती साखर चारशे असली म्हणजे हा विकार झालाच असे नाही. उलट, एकादशीचा कडक उपास केलेल्या निरोगी माणसाच्या लघवीतही थोडे कीटोन सापडतात. तोही हा विकार नव्हे.

जुन्या पिढीतील मंडळींना बेनेडिक्टची चाचणी आठवत असेल. परीक्षानळीत निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून ते तापवावयाचे. साखर वाढत जाईल तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल होई. ही साखरेची चाचणी. कीटोनसाठी रोथेराची चाचणी १९०८ साली आली. तीत सोडियम नायट्रोप्रुसाइडच्या योगाने नळीत जांभळे कडे उमटे. आज ती नळी नाही, स्पिरिटचा दिवा नाही. औषधाच्या दुकानात पट्ट्यांची कुपी मिळते, पट्टी लघवीत बुडवून ठरलेल्या सेकंदांनी तिचा रंग कुपीवरच्या रंगांशी ताडावयाचा. पण पट्टीतले रसायन तेच जुने नायट्रोप्रुसाइड, आणि त्यामुळे उणीवही तीच जुनी.

ही उणीव नीट समजून घेण्यासारखी आहे. नायट्रोप्रुसाइडला ॲसिटोॲसिटेट दिसते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट दिसत नाही. या विकारात तर दुसऱ्याचेच प्रमाण पहिल्याच्या तिप्पट, आणि कधी कधी त्याहून पुष्कळ अधिक असते. म्हणजे चोरांच्या टोळीतला धाकटा ओळखू येतो, थोरला नजरेतून सुटतो. आणखी गंमत अशी की उपचार लागू पडला म्हणजे थोरल्याचे रूपांतर धाकट्यात होऊ लागते. रोगी सुधारत असताना पट्टीचा रंग अधिकच गडद होतो, आणि नातेवाईक म्हणतात, इस्पितळात आणून दुखणे वाढले! म्हणून उपचाराची प्रगती लघवीच्या पट्टीवर मोजू नये. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर आषाढात मीठसुद्धा बरणीत पाझरते. तिथे झाकण उघडे राहिलेल्या कुपीतील पट्ट्या दमटपणाने निकामी होतात आणि कीटोन असूनही नाही म्हणतात. पट्टीने होकार दिला तर तो गंभीरपणे घ्यावा. तिने नकार दिला आणि रोगी ओकत असेल, तर त्या नकारावर विसंबून घरी बसू नये.

बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट थेट मोजण्याचे यंत्र आता निघाले आहे. दिसावयास ते साखर मोजण्याच्या यंत्रासारखेच. बोट टोचून रक्ताचा एक थेंब द्यावयाचा, काही सेकंदांत आकडा येतो. लिटरमागे ०.६ मिलीमोलपेक्षा कमी आकडा हा नेहमीचा. दीडच्या वर गेला की डॉक्टरांशी तत्काळ बोलले पाहिजे, आणि तीन किंवा अधिक आला तर इस्पितळाचा रस्ता धरला पाहिजे. या यंत्राच्या पट्ट्या महाग पडतात, ही त्याची अडचण. साखरेच्या यंत्राविषयीही एक सूचना येथेच देऊन ठेवतो. पुष्कळ यंत्रांवर साखर सहाशेच्या पुढे गेली की आकड्याऐवजी इंग्रजीत ‘हाय’ अशी दोन अक्षरे येतात. ते यंत्र बिघडल्याचे लक्षण नव्हे, आणि यंत्राने केलेला नमस्कारही नव्हे.

इस्पितळात गेल्यावर खरी कसोटी आम्लतेची. रक्ताचा पीएच निरोगी माणसात ७.३५ ते ७.४५ असतो. तो मोजण्यासाठी पूर्वी मनगटाच्या रोहिणीतून रक्त काढीत, त्याच्या वेदना रोग्याला पुढे कित्येक दिवस आठवत. आता या कामासाठी बहुधा नीलेतील रक्तही चालते असे ठरले आहे. जगातील प्रमुख मधुमेहतज्ज्ञ संस्थांनी २०२४ साली एकत्र बसून जी व्याख्या केली, तिच्याप्रमाणे साखर २०० मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा रोग्यास आधीपासून मधुमेह. रक्तातील कीटोन तीन मिलीमोल किंवा अधिक, अथवा लघवीच्या पट्टीवर दोन अधिक चिन्हे वा त्याहून जास्त. आणि पीएच ७.३ च्या खाली किंवा बायकार्बोनेट १८ च्या खाली, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की निदान पक्के. जेथे कीटोन मोजण्याची सोय नसेल तेथे साध्या वजाबाकीनेही बरेच कळते. सोडियमच्या आकड्यातून क्लोराइड व बायकार्बोनेट यांची बेरीज वजा करावयाची. समजा, सोडियम १३४, क्लोराइड ९६ आणि बायकार्बोनेट १० आहे. बाकी उरली २८. एरवी ही बाकी बाराच्या आसपास असते. वरचे सोळा कोठून आले? रक्तात न मोजलेले आम्ल साचले आहे, हे त्याचे उत्तर.

परंतु आम्हांस विचाराल तर या सर्वांत जिवाशी थेट गाठ असलेली चाचणी पोटॅशियमची. लघवी व ओकारी यांवाटे शरीरातले पोटॅशियम वाहून गेलेले असते, तरी रक्तातला आकडा वरवर ठीक, कधी चढलेलाही दिसतो, कारण पेशींतले पोटॅशियम बाहेर आलेले असते. इन्सुलिन दिले की ते झपाट्याने पेशींत परतते आणि रक्तातला आकडा कोसळतो. हृदयाची लय त्यात बिघडू शकते. म्हणून पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थोपवून आधी पोटॅशियम भरून काढतात. शिरेवाटे सलाइन तर आल्याबरोबर सुरू होते. ‘साखर एवढी आणि इंजेक्शन देत नाहीत!’ म्हणून नातेवाइकांनी आरडाओरडा करण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे. याच्या जोडीला क्रिएटिनिन, हृदयाचा आलेख आणि जंतुसंसर्गाचा शोध या तपासण्या होतातच.

एक नवा धोका सांगावयाचा राहिला. ज्यांच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो त्या गोळ्या आज पुष्कळजण घेतात. हृदय व मूत्रपिंड यांस त्या हितकारक आहेत, तेव्हा कोणी भिऊन आपल्या मनाने त्या बंद करू नयेत. पण त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे आम्लविकार झालेला असूनही रक्तातील साखर दीडशे-दोनशेच दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी मे २०१५ मध्ये इशारा दिला. साखरेच्या आकड्याने फसण्याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. या गोळ्या घेणाऱ्याने ओकाऱ्या, उपास किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे.

टोरंटोच्या इस्पितळात चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन जानेवारी १९२२ मध्ये मिळाले. त्यापूर्वी हा विकार म्हणजे मृत्यूच. आपल्याकडे १८४२ पासून पणजीत वैद्यकीय शाळा होती, तरी पेडण्याच्या माणसाला तिच्यापर्यंत पोचावयास शापोरा नदी होडीने ओलांडावी लागे. आज कोलवाळला पूल आहे, शिवोली-चोपडेला पूल आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ गाठणे अवघड नाही आणि बांबोळीही तास-सव्वा तासाच्या टप्प्यात आली आहे. वेळ जातो तो रस्त्यात नव्हे, घरात. ‘सकाळपर्यंत पाहू’ या दोन शब्दांत जातो. चवथीच्या दिवसांत तर घर पाहुण्यांनी भरलेले, स्वयंपाकघरात गडबड. पोर काही खात नाही, मग इन्सुलिन कशाला, असे म्हणून आजी इंजेक्शन चुकविते. तिची माया खरी, हिशेब मात्र उलटा. आजारपणात माणूस जेवला नाही तरी त्याच्या शरीराला इन्सुलिन लागतेच; मात्रा किती, ते डॉक्टर सांगतील, पण ते संपूर्ण बंद करणे म्हणजे या विकाराला दार उघडून देणे होय. अशा दिवशी तीन-चार तासांनी साखर पाहावी, लघवीतील कीटोन पाहावेत, पाणी पाजीत राहावे. ओकारी थांबत नसेल, श्वास खोल होऊ लागला असेल किंवा ग्लानी येत असेल, तर पुन्हा चाचणी करीत बसू नये, निघावे.

विश्वस्त मंडळींस आमची एक विनंती आहे. आपल्याकडे मधुमेहाची शिबिरे पुष्कळ होतात. बोट टोचून चिठ्ठीवर एक आकडा लिहून देतात, केळे व बिस्किटाचा पुडा देतात आणि छायाचित्र निघते. त्याचा उपयोग नाही असे नाही. पण महोत्सवी निधीतील थोडी रक्कम पेडणे व डिचोली तालुक्यांतील इन्सुलिन घेणाऱ्या मुलांकडे वळवावी. अशा प्रत्येक घरी कीटोनच्या पट्ट्यांची एक कुपी सदैव असावी, पावसाळा सुरू होण्यापूर्वी ती बदलून मिळावी आणि कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर शाईने लिहिण्याची सवय लागावी. शक्य झाल्यास रक्तातील कीटोन मोजण्याचे यंत्र प्रत्येक तालुक्यात एकेका ठिकाणी ठेवावे, आणि ते कोणाकडे आहे हे गावच्या शाळेतील शिक्षकांस व अंगणवाडीच्या सेविकांस ठाऊक असावे. कुपीबरोबर एक पुठ्ठ्याचे कार्डही द्यावे. १०८ ला फोन केल्यावर काय सांगावयाचे, ते त्यावर लिहिलेले असावे: रोग्याचे वय, शेवटचे इन्सुलिन केव्हा व किती घेतले, साखर किती, कीटोन किती, ओकाऱ्या केव्हापासून, आणि तो कोणत्या गोळ्या घेतो. कार्डाचा मसुदा आम्ही करून आणला आहे. तो चिटणीसांकडे दिला आहे.